न्यू कोचरेकरमधलं गाऱ्हाणं

आबांचा घसा बसला होता.

निदान गळ्याभोवतीचा मफलर तरी तसं सांगत होता. देवदिवाळीची सकाळ. बारचं शटर अर्धं वर. गल्ल्यासमोर एका ताटलीत बाटली, विडी आणि काड्यापेटी. टेबलाखाली पाय बांधलेला कोंबडा सगळ्यांचे जोडे निरखत पडलेला. आणि आबा दोन बोटं गळ्याला लावून मान हलवतायत. नाही. आवाजच नाही.

"मग आता गाऱ्हाणा कोण घालतलो?" तारीमामांनी विचारलं.

फक्त कोंबडा बोलला.

थांबा. गाऱ्हाणं म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं वाया जाईल. आमच्या कोकणात देवापुढे एक जण उभा राहतो आणि खड्या आवाजात मागतो. अमुक दे म्हाराजा, तमुक टळू दे म्हाराजा. प्रत्येक मागण्याला बाकीचे सगळे एका दमात म्हणतात, 'होय म्हाराजा!' एवढंच. पण होय म्हटलं की ते मागणं सगळ्यांचं झालं. मागाहून कोणाला अंग काढून घेता येत नाही. कोर्टात सही नाकारता येते, गाऱ्हाण्यातला होय नाकारता येत नाही.

आमचा देव म्हणजे गल्ल्याखालच्या कोनाड्यातला एक शेंदूर फासलेला दगड, त्याच्यावर लाल झीरोचा बल्ब. जागेवाला. प्रत्येक जागेला तिचा मालक असतो. घोडपदेवच्या त्या गाळ्याला कागदोपत्री मालक दोन होते, माझे आबा आणि वासूकाका. पण खरा मालक तो. वर्षातून एकदा, देवदिवाळीला, त्याला त्याची राखण द्यायची: कोंबडा, दारू, विडी. आणि गाऱ्हाणं घरच्याच माणसाने घालायचं.

"ह्यो जागेवालो मुंबयचो," इनास दरवर्षी म्हणायचा. "तेका मालवणी समजता तरी काय?"

"इतकी वर्सां ऐकता," तारीमामा दरवर्षी म्हणायचे. "आतासर शिकलो असतलो."

*

बारचा इतिहास मला सरळ सांगता येत नाही. तो मी दर देवदिवाळीला गाऱ्हाण्यातच ऐकला, म्हणून आठवतो तोही त्याच चालीत.

तातू कोचरेकर माडावरून उतरला तो थेट मुंबईच्या बोटीत चढला, म्हाराजा.

होय म्हाराजा.

घोडपदेवच्या नाक्यावर त्याने माडीचं दुकान घातलं, म्हाराजा.

होय म्हाराजा.

सरकारने दारूबंदी आणली आणि दुकान बंद पडलं, म्हाराजा.

होय म्हाराजा.

मग कितीतरी वर्षं त्याने त्या गाळ्यात फक्त लिंबूसरबत विकलं, म्हाराजा.

(इथे कोणी होय म्हणत नसे. इनासला खोकला यायचा.)

परवाने सुरू झाले तेव्हा तातूने पाटी लावली, 'न्यू कोचरेकर परमिट रूम'. न्यू कशाला, तर जुनं काय होतं ते कोणी विचारू नये म्हणून, म्हाराजा.

होय म्हाराजा.

पुढचं गाऱ्हाण्यात नसायचं. ते मी स्वतः पाहिलं. मी तेव्हा नववीत होते. तातू म्हणजे माझे आजोबा, आबा त्यांचे थोरले आणि वासूकाका धाकटे. आजोबांना धाप लागायची, तरी त्या देवदिवाळीला ते खुर्ची नको म्हणाले, गल्ल्याला धरून उभे राहिले आणि त्यांनी शेवटचं गाऱ्हाणं घातलं. शेवटचं मागणं थोरल्या मुलासाठी होतं:

"माझो थोरलो झील ह्या गल्ल्यार उभो रवांदे म्हाराजा!"

होय म्हाराजा, सगळे म्हणाले. आबा म्हणाले. वासूकाकाही म्हणाला, पण तो होय आबांच्या उभं राहण्याला होता.

आता आमच्या बोलण्यात 'उभो रवांदे' म्हणजे भरभराट होऊ दे, पाय घट्ट रोवलेले राहू देत. कोणालाही विचारा. पण आबांनी तो शब्द शब्दासारखा घेतला. महिन्याभरात आजोबा गेले. बारावं-तेरावं उरकलं आणि आबांनी गल्ल्यामागचं स्टूल उचलून नाक्यावरच्या कोळणीला देऊन टाकलं. त्यानंतर न्यू कोचरेकरमध्ये ते कधी बसले नाहीत. सकाळी शटर वर गेलं की उभे, रात्री खाली आलं की जिन्याचा कठडा धरून वर. आई असेपर्यंत म्हणायची, "तुझ्या बापाशीक मियां बसललो बघलंय तो फकत जेवताना."

*

त्या सकाळी बारमध्ये आम्ही पाच जण होतो. आबा. तारीमामा, गोदीतले निवृत्त क्रेनवाले, ज्यांना अजूनही सगळ्या गोष्टी वरून बघायची सवय. इनास, समोरचा शिंपी, रविवारी चर्चमध्ये गायचा आणि देवदिवाळीला होय म्हाराजा सगळ्यांत जोरात म्हणायचा. वासूकाका, बँकेत होता, ठाण्याला राहायचा. आणि मी, शैला. म्युनिसिपल शाळेत पीटी शिकवायचे.

आणि एक गोष्ट, जी आम्हा पाचही जणांना ठाऊक होती आणि जिच्याबद्दल त्या सकाळी कोणी बोलत नव्हतं. आबांचे पाय.

गुडघ्याखाली शिरा फुगून दोरखंडासारख्या झाल्या होत्या. डाव्या घोट्याजवळची जखम पावसाळ्यापासून भरत नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं, "उभं राहणं बंद करा. आज म्हणजे आज. नाहीतर हा पाय मी वाचवेन असं सांगू शकत नाही."

मी बारमध्ये येऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, "बापाशीक होय म्हटलंय गो."

"मग गल्ल्यावर माणूस ठेवा."

"'माझो झील' म्हणालेले. 'माझो म्हेतो' नाय."

"मग बार बंद करा!"

त्यावर त्यांनी फक्त कोनाड्याकडे पाहिलं. तिथला लाल बल्ब जळत होता.

दिवाळीत मी वासूकाकाला गाठलं. त्याच्या संमतीशिवाय काहीच होणार नव्हतं. गाळा दोघांचा, परवाना दोघांचा.

"शैला, तू यात पडू नकोस," काका म्हणाला. "तातूंचा शब्द आहे. आणि जागेवाल्याशी खेळ नको. त्याच्या दारातला दिवा आपण होऊन विझवला तर घरावर काय येईल, आहे का तुला कल्पना?"

"मग आठवड्यातले तीन दिवस तुम्ही उभे राहा."

"मला नोकरी आहे."

"रविवारी?"

"रविवारी माणसाने बसायचं असतं," वासूकाका म्हणाला आणि सोफ्यावर बसला.

तो वाईट नव्हता. त्याला खरंच भीती वाटायची. लहानपणी त्याने कोनाड्यातला नैवेद्य खाल्ला होता आणि पुढे आठवडाभर तापाने फणफणला होता. तेव्हापासून त्या दगडाला तो पाठ दाखवत नसे, बारमधून बाहेर जातानाही उलटा चालायचा. नवी गिऱ्हाइकं त्याला पाहून समजायची, याला जास्त झाली.

*

"वासू घालांदे," तारीमामा म्हणाले.

"मी?" काका दचकला. "मला ते सगळं कुठे पाठ आहे! शब्द चुकला म्हणजे? मामा, तुम्ही घाला ना."

"माझा घर न्हय ह्या. घरच्यानच घालूचा लागता."

तेव्हा आबांनी हात वर केला. तर्जनी सरळ केली. मला वाटलं वासूकाकाकडे जाणार. ती माझ्याकडे आली.

"काय?" वासूकाका म्हणाला. "बाईमाणसाने? गाऱ्हाणं? दादा, कधी ऐकलंय का कोणी?"

"देवाक आवाज होयो," इनास म्हणाला. "मिशी नको."

"आणि शैलाचो आवाज डॉकयार्डापर्यंत जाता," तारीमामा म्हणाले. "माका क्रेनीर आयकाक येय."

"पण रीत..."

"मग तू घाल."

वासूकाकाने कोनाड्याकडे पाहिलं आणि तो एक पाऊल मागे सरकला.

मी ओढणी कमरेला बांधली. गल्ल्यासमोर उभी राहिले. आबा माझ्या उजवीकडे, बाकीच्यांच्या रांगेत. आजोबा गेल्यापासून ते त्या रांगेत कधी उभे राहिले नव्हते, पण तेव्हा ते डोक्यात आलं नाही. डोक्यात शब्द आले. नववीपासून दरवर्षी ऐकलेले. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले.

"बा देवा जागेवाल्या, बारा येशीच्या म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आज देवदिवाळेच्या दिवसाक तुझी लेकरां ह्या ठिकाणी जमलेली असत. वर्साप्रमाणे तुका कोंबो, बाटली नि विडी दिलेली असा, ती गोड मानून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"लेकरांच्या हातसून काय चुकला माकला असात, ता पोटात घाल म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"कोणाची वाकडी नदर ह्या दारार पडली असात, तेका वाटेर लाव म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

शाळेच्या मैदानावर मी 'सावधान' म्हटलं की साठ टाचा एकदम जुळायच्या. त्यातल्या एकाही पोराला सावधान म्हणजे काय ते विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. शब्द कोणी ऐकत नाही. शब्दाची पट्टी ऐकतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसांची मान प्रत्येक 'म्हाराजा'ला जरा पुढे झुकत होती, आणि ती झुकलेली मान मला ओळखीची होती.

खात्री करून घ्यायची होती. मी आवाज तोच ठेवला, पट्टी तीच ठेवली.

"इनासाची शिलायची मशीन दोन म्हयने माझो ब्लाऊज गिळून बसली हा. तिका बुद्धी दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

इनाससुद्धा. सगळ्यांत जोरात. हात छातीशी, डोळे मिटलेले.

फक्त आबांचा एक डोळा उघडला. माझ्याकडे पाहिलं. मिटला.

मग मी श्वास घेतला. शिटी फुंकायच्या आधी घेतात तेवढा.

"ह्या गल्ल्याकडे उभ्यान माझ्या आजयान, तातू कोचरेकरान, जा मागणा मागला, ता माझ्या बापाशीन इतकी वर्सां उभ्यान पुरा केला म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ता पुरा झाला, ह्या आज तू मान्य कर म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या दारातलो दिवो आज तुझ्या पायार शांत होवंदे, शटर खाली येवंदे, आणि माझ्या बापाशीक बसाक जागो दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!!"

रॅकवरचे ग्लास एकमेकांना लागून किणकिणले. एवढा मोठा होय त्या गाळ्याने कधी ऐकला नव्हता. पंख्यावर बसलेली चिमणी शटरखालून बाहेर गेली.

*

पहिले डोळे वासूकाकाचे उघडले.

"काय म्हणालीस तू?"

"गाऱ्हाणं घातलं, काका."

"शेवटचं. शेवटचं काय म्हणालीस?"

"बसाक जागो दे."

"त्याच्या आधी!"

ते तारीमामांनी सांगितलं. त्यांनी ते हळूहळू, एकेक शब्द गोदीत उतरवावा तसं म्हणून दाखवलं. दिवो शांत. शटर खाली. आणि शेवटी स्वतःच चमकून थांबले. "आवशीक खाव! आणि मियांय होय म्हटलंय."

"मी नाही म्हटलं," वासूकाका म्हणाला.

"म्हटलंस," इनास म्हणाला. "माझ्या कानात म्हटलंस."

"मी तिच्या बोलण्याला नाही म्हटलं. मी गाऱ्हाण्याला म्हटलं!"

"मग ह्या काय हुता?" तारीमामांनी विचारलं. "रेडिओवरच्यो बातम्यो?"

"सवयीने निघून गेलं तोंडातून!"

"सवयीन? हेच्यासमोर?" तारीमामांनी कोनाड्याकडे बोट केलं. वासूकाकाची नजर बोटामागून गेली आणि दगडावर जाऊन अडकली.

"परत घाला," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "पहिल्यापासून परत घाला. नीट ऐकून म्हणू सगळे."

"परत? वासू, ह्यो काय कॅरम हा? फाऊल झालो, ठेव सोंगटी परत?"

"माझ्या मशीनीकय होय झाला मरे," इनास खिन्नपणे म्हणाला. "आता माका ब्लाऊज शिवूकच लागतलो."

वासूकाका आबांकडे वळला. "दादा! तू थोरला आहेस. तू तरी काहीतरी बोल!"

आबांनी दोन बोटं गळ्याला लावली आणि मान हलवली.

मी वासूकाकाकडे पाहत होते. त्याने आरडाओरडा केला असता तर मी तयार होते, माझा आवाज त्याच्यापेक्षा मोठा होता. पण तो ओरडला नाही. आयुष्यभर ज्या दगडाची भीती त्याने आम्हाला घातली होती, तो दगड आता त्याच्याकडे बघत होता. होय म्हणून फिरायचं, तर फिरायचं कोणासमोर? तो कोनाड्याजवळ गेला, वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"तुझी मर्जी असेल तर," तो दगडाला म्हणाला, "माझी काही हरकत नाही." मग जरा थांबून, "पण विचारलं सगळ्यांनी मिळून. मी एकट्याने नाही."

आणि उलटा चालत, एकेक पाऊल मागे टाकत, शटरखालून वाकून बाहेर गेला. दारात एकदाच थांबला.

"दादाच्या पायाचं डॉक्टर काय म्हणाले होते?" त्याने मला विचारलं.

"आज म्हणजे आज, असं म्हणाले होते."

त्याने मान हलवली. "सह्यांना मी सोमवारी येतो," म्हणाला. आला. सोमवारीच आला.

*

न्यू कोचरेकर परमिट रूम अशी बंद झाली. लोक वेगवेगळी कारणं सांगतात. कोणी म्हणतं गिरण्या गेल्या, कोणी म्हणतं गोदीतला माल न्हावाशेवाला गेला, कोणी म्हणतं मुलगा नव्हता. त्या जागी आता चष्म्यांचं दुकान आहे. मी एकदा आत गेले होते. काचेच्या काउंटरखाली कोनाडा तसाच आहे. दुकानदार गुजराती आहे, त्याला कोणी काही सांगितलेलं नाही, तरी त्याने तिथे लाल बल्ब लावलाय आणि रोज सकाळी पेढा ठेवतो. जागेवाल्याने दारू सोडलेली दिसते.

आबा पुढे गावी राहिले, दोन्ही पायांवर. जखम होळीपर्यंत भरली. सकाळी घरासमोरच्या खळ्यात खुर्ची टाकून बसायचे ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी म्हणायचे, "बस." मग नाव विचारायचे.

पण मला सांगायचंय ते त्याच सकाळचं, वासूकाका गेल्यानंतरचं.

तारीमामांनी कोंबड्याचे पाय सोडले, कारण तो कापायचा की सोडायचा ते गाऱ्हाण्यात आलं नव्हतं. त्याने दोन टेबलांना फेरी मारली आणि तो इनासच्या दुकानाच्या दिशेने निघून गेला. इनास त्याच्यामागे. मी शटरचा हुक शोधत होते. तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

चार नंबरचं टेबल, भिंतीकडची खुर्ची. इतकी वर्षं ज्या खुर्चीवर त्यांनी दुसऱ्यांना बसवलं, तिच्या पाठीला आबांनी हात लावला. गिऱ्हाइकासाठी पुसावी तशी आधी फडक्याने पुसून घेतली. मग बसले. एकदम नाही. पाण्यात उतरतात तसे. लाकूड करकरलं. त्यांनी दुसरी खुर्ची ओढली, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून तिच्यावर ठेवला, आणि डोळे मिटून घेतले.

तारीमामांनी टोपी काढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग आबांनी गळ्याभोवतीचा मफलर सोडला, घडी घातली, टेबलावर ठेवला.

"शैला," ते म्हणाले. खणखणीत. रोज गल्ल्यावरून 'चार नंबर, सोडा दोन' ओरडायचे त्याच आवाजात. "सोडो आण गो एक. बर्फ घाल बरोसो."

मी हुक हातात घेऊन तशीच उभी राहिले. तारीमामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मघाशी त्या होयने किणकिणलेल्या ग्लासांकडे.

"आबा, घसा?"

"घशाक काय झालाहा?"

"मग गाऱ्हाणं तुम्हीच नाही का घालायचं?"

आबांनी पाय खुर्चीवर जरा नीट केला.

"घालणाऱ्याक," ते म्हणाले, "होय म्हणूक मिळता काय गो?"